उठलेल्या मुलीचं आख्यान

आमचे मास्तर लोकांना रडवण्यात पटाईत आहेत. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रारीनंही नाही. लग्न झाल्यापासून त्यांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसणाऱ्या बायकोला जे दिसतं, ते सांगते. उदगीरच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं आणि सुट्ट्यांमध्ये ख्रिस्ती कीर्तनं केली. निवृत्त झाल्यापासून नुसती कीर्तनंच चालू आहेत. एलिशा मास्तर येणार म्हटलं की निलंग्यापासून उमरीपर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधली म्हातारी माणसं पुढच्या खुर्च्या अडवून बसतात. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. पूर्वरंगात पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन घेऊन त्याचा कीस काढायचा, मग उत्तररंगात आख्यान लावायचं. मधूनच अशी कोपरखळी मारतात की पाळकसाहेबसुद्धा रुमालात तोंड लपवून हसतात. हसवून झालं की रडवतात, आणि रडवून झालं की सगळ्यांना उभं करून गायला लावतात.

हा त्यांचा नियमच आहे. "आपल्या कीर्तनाचा शेवट अंधारात होत न्हाई," ते म्हणतात. "लोकाला कबरीपाशी सोडून आपण घरी जेवायला जायचं न्हाई. तिच्या तोंडावरचा दगड बाजूला झालाच पायजे."

मला हा नियम पटायचा. पाठ झालेल्या आख्यानातही शेवटचं पद सुरू झालं की मीही पेटी सोडून गायला लागेन असं व्हायचं. आपला प्रभू मेला तसाच राहिला नाही, मग आपली गाणी तरी मेल्यासारखी का संपावीत? असा साधा हिशेब होता.

गेल्या दिवाळीत आमच्या मंडळीतल्या मारोतीची मुलगी आजारी पडली. मारोती एस.टी.त कंडक्टर आहे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा नाव बदलायचं त्याच्या फार मनात होतं, पण डेपोतले सगळे कागद कोण बदलत बसणार म्हणून मारोतीचा मारोतीच राहिला आणि सगळी हौस मुलीच्या नावात भागवली. तिचं नाव ठेवलं सुवार्ता. चौथीतली पोर, पण महा तोंडाळ. नाताळच्या नाटकात देवदूत केली तर मेंढपाळांना दटावून पुन्हा नीट रांगेत उभं करणारी. तिला ताप आला, मान आखडली, फिट आल्या, आणि लातूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली. मेंदूज्वर म्हणाले. वाचेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, असंही म्हणाले.

मंडळीनं उपास धरला, चर्चमध्ये पाळीपाळीनं प्रार्थना चालू ठेवली. मीही गुडघ्यांवर होते. रविवारी उपासना चालू असतानाच मारोतीचा फोन आला की पोरीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. चर्चमध्ये काय उसळलं असेल ते सांगायला नको. मी शेजारच्या बाईला इतकं घट्ट धरलं की तिची बांगडी पिचली. देवानं आपलं ऐकलं असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणीतरी म्हणणारच की बाईचा विश्वासच कच्चा.

सुवार्ता घरी आली तोवर मास्तरांचं आख्यान रचून तयार होतं. शास्त्रात एका अधिकाऱ्याची लहान मुलगी मरते आणि प्रभू तिचा हात धरून तिला उठवतो, ती गोष्ट त्यांनी सरळ उदगीरला आणली. अधिकाऱ्याच्या जागी कंडक्टर आला. तिकिटं फाडता फाडता तो रडतोय आणि प्रवासी सुट्ट्या पैशांवरून त्याच्याशी भांडताहेत, हे ऐकताना लोक आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे. शेवटी पद होतं, 'ऊठ गं बाळे, ऊठ आता, दारी उभा धनी'. त्या पदावर खरीखुरी सुवार्ता पांढरा फ्रॉक घालून, केसांत अबोली माळून व्यासपीठावर यायची. मास्तर तिचा हात धरून उंच करायचे. अख्खा मांडव उभा राहायचा. नवऱ्याचं इतकं चांगलं काम मी कधी पाहिलं नव्हतं. शब्द नेमके, चाल सोपी, एक ओळ जास्त नाही. निलंगा झालं, देगलूर झालं, नांदेडला दोनदा झालं. लोकांनी फोनवर चित्रण करून गावोगाव पाठवलं.

कीर्तन संपलं की मारोती माइक घेऊन साक्ष द्यायचा. "माझी लेक प्रभूनं पूर्ण बरी केली. पूर्ण!" शेवटचा शब्द तो दोनदा म्हणायचा.

एप्रिलमधल्या एका दुपारी सुवार्ता आमच्याकडे होती. तिची आई रिबका अंगणवाडीत मदतनीस आहे, कामावर जाताना पोरीला माझ्याकडे सोडायची. पोर माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यात बसली होती आणि अबोली ओवत होती. मी पेटी काढून तिचंच पद म्हणत होते, चांगलं मोकळ्या गळ्यानं. दोन कडवी झाली. ती तशीच, मागे न वळता म्हणाली, "काकू, नुसती काय बसलीस? गाणं म्हण की."

माझे हात तिथेच थांबले. मी तिला हाक मारली, वळली नाही. टाळी वाजवली. परात आपटली. शेजारची म्हातारी काय झालं म्हणून धावत आली, पण ही आपली फुलं ओवतेय.

संध्याकाळी रिबका न्यायला आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "तुला माहीत हाय का, पोरीला ऐकू येत न्हाई?"

तिनं पदर तोंडात धरला. माहीत होतं. दवाखान्यातून सोडतानाच डॉक्टर म्हणाले होते की ह्या आजारात कान जाऊ शकतात, तपासून घ्या. पण त्याच्या आदल्याच दिवशी मारोतीनं फोनवरून सगळ्या मंडळीला साक्ष दिली होती. पूर्ण बरी म्हणून. "मी म्हणले तर म्हणतात, तू शंका घेऊन राहिलीस. तुझ्या शंकेनंच अडलंय म्हणतात. काकू, शाळेत बाई तिला आगाऊ म्हणून मागं बसवतेत. ती तोंडाकडं बघून अंदाजानं बोलती. काही बी विचारा, हसून हाव म्हणती. लई हुशार हाय वो माझी लेक. सगळ्यांना फसवून राहिली."

मी तिथेच रडले. मग मला राग आला, आणि राग आला की मी कामाला लागते. मारोती ड्यूटीवर असताना आम्ही दोघी पोरीला घेऊन लातूरला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिला यंत्रं लावली, काचेच्या खोलीत बसवलं, मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. दोन्ही कान गेलेले. बाई चांगल्या होत्या, नीट समजावून सांगितलं. ऑपरेशन करून आत यंत्र बसवता येतं, मग हळूहळू ऐकायला शिकवता येतं. पण ह्या आजारानंतर कानाच्या आतली पोकळी हाडानं भरत जाते. हिची एका बाजूची जवळजवळ भरलीच आहे, दुसरीकडे अजून वाट आहे. "ती बंद झाली की मग मलाही काही करता येणार नाही. महिन्याभराच्या आत आणा. वडिलांनाही घेऊन या, दोघांची संमती लागेल."

मारोतीला सांगायला मी स्वतः गेले. तो खाकी शर्ट काढून खाटेवर बसला होता. सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही, ते जास्त वाईट होतं.

"काकू, प्रभू अर्धं काम करत न्हाई."

"अरे, अर्धं कोण म्हणतंय? पोर जित्ती हाय. आता तिच्या कानाचं बघ."

"मी दोन जिल्ह्यांत उभं राहून सांगितलं, पूर्ण बरी केली. बाप्तिस्मा घेतला म्हणून माझे भाऊ, चुलते, सगळे हसत होते मला. आता आवाज निघत न्हाई त्यांचा." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मी खोटा पडलो तर चालतंय. मला कोण विचारतंय? पण इथं प्रभू खोटा पडतोय. कान बी येतील. वाट बघायला पायजे. सुरीखाली दिली की माझा विश्वास सरला."

"आणि तोवर कान भरला तर?"

"मास्तरांच्या आख्यानात तर असं काही न्हाई," तो म्हणाला.

 हे त्यानं वादासाठी म्हटलं नव्हतं. ते आख्यान त्याच्यासाठी शास्त्राच्या पुढचं पान झालं होतं. आपल्या घरात जे घडतंय त्यापेक्षा मास्तरांनी जे गायलं तेच जास्त खरं, असं तो माणूस मनापासून धरून चालला होता. म्हणजे गाठ आमच्याच घरात बसली होती.

त्या दिवशी मास्तर जेवायला बसले तेव्हा मी ताट वाढायच्या आधी बोलले. उमरीला मेमध्ये तीन दिवसांचा मेळा असतो, तिथं हेच कीर्तन ठरलेलं होतं. "उमरीत खरं सांगा," म्हटलं. "तुमचं तेवढं ऐकेल मारोती."

त्यांना सुवार्ताच्या कानाचं मी लातूरहून आल्या आल्याच सांगितलं होतं. तेव्हा ते नुसते 'अरेरे' म्हणून प्रार्थना करायला बसले होते. आता म्हणाले, "लोक कीर्तनाला दवाखान्याचा रिपोर्ट ऐकायला येत न्हाईत."

"मग कशाला येतात?"

"आशा घ्यायला येतात. नांदेडात ती बाई आली होती न्हाई का, मुलगा सहा महिने अंथरुणावर होता तिचा? म्हणाली, मास्तर, आज पहिल्यांदा झोप लागंल. तिला काय सांगू? पोर उठली पण बहिरी झाली? विश्वासाचं काम हाय हे, अगं. उजेड दाखवायचा. उरलेला अंधार लोकांच्या घरी हायेच की, तो आपण कशाला गाऊन दाखवायचा?"

"तुम्ही प्रभूच्या मरणाचा शुक्रवार गाता आणि उठण्याचा रविवार गाता," मी म्हणाले. "मधला शनिवार कधी गायलाच न्हाई. ती पोर शनिवारात बसलीय. आणि तुम्ही तिचा हात धरून वर करून राहिलात, बघा बघा, रविवार झाला म्हणून. देवाची अब्रू राखायला खोटं बोलावं लागत न्हाई. तो आपला आपण सांभाळतो. पोरीला कोण सांभाळणार?"

ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ताट तसंच राहिलं. मला वाईट वाटलं, पण मी बोलवायला गेले नाही.

पुढचे काही दिवस असेच गेले. मास्तर सकाळी बसायचे, ओळी जुळवायचे, चिपळ्यांवर म्हणून बघायचे आणि खोडायचे. शेवट बदलायचा प्रयत्न चालला होता हे मला कळत होतं. जमत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना एकाच दिशेनं जिना चढवत नेलं, त्याला मधल्या पायरीवर त्यांना कसं थांबवायचं ते येत नव्हतं. एकदा ते माझ्याशी न भांडता, अगदी पडक्या आवाजात बोलले, "खरं सांगू का? माझं सगळ्यात चांगलं आख्यान हाय हे. एवढं चांगलं मला आधी कधी जमलं न्हाई. ते मोडायला हात धजत न्हाई." त्यांनी ते कबूल केलं म्हणून मला त्यांचा अभिमान वाटला, आणि चीडही आली. पोरीच्या कानात हाड भरत होतं आणि हा माणूस चालीला जपत होता.

उमरीला आम्ही सगळे एकाच जीपमधून गेलो. मास्तर पुढे ड्रायव्हरजवळ, मागे मी, पेटी, रिबका, सुवार्ता, मारोती आणि तबल्याला सिद्धराम. सिद्धराम लिंगायत आहे, मठातल्या भजनालाही तोच वाजवतो आणि आमच्या कीर्तनालाही. ठेका दोन्हीकडे तोच, देव तेवढे वेगळे, असं म्हणून तो मास्तरांना चिडवतो. त्या दिवशी मास्तरांनी त्याला उलट चिडवलं नाही. काय ठरवलंय ते मलाही सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दोन दिवसांपूर्वी पुन्हा फोन करून पोरीला कधी आणता म्हणून विचारलं होतं, त्यावरून मारोतीचं रिबकाशी वाजलं होतं. नवरा-बायको जीपच्या दोन टोकांना बसले होते आणि मध्ये पोर एकदा ह्याच्या, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होती.

मांडव मोठा होता, शेतातच घातलेला. ऊन उतरल्यावर माणसं येत गेली. ट्रॅक्टरनं आली, टेम्पोनं आली. व्यासपीठावर मेळ्याचे लोक आणि हैदराबादकडून आलेले एक पाहुणे उपदेशक बसले होते. तरणाबांड माणूस, आवाज खणखणीत.

पूर्वरंग चांगला झाला. आख्यान लागलं. कंडक्टरवर लोक हसले, मग गप्प झाले, मग डोळे पुसू लागले. सगळं नेहमीसारखं. 'ऊठ गं बाळे' सुरू झालं आणि सुवार्ता आली, माझ्या पेटीशेजारी येऊन उभी राहिली. मास्तरांनी तिचा हात धरला. पण वर केला नाही. चिपळ्या थांबल्या. सिद्धरामानं दोन मात्रा तशाच वाजवल्या आणि तोही थांबला.

"ही पोर उठली," मास्तर म्हणाले. गाण्याचा आवाज नव्हता, शाळेत गणित सांगायचा तो आवाज होता. "देवानं उठवली. मी बघितलंय. पण तिला ऐकू येत न्हाई. दोन्ही कानांनी न्हाई. मला माहीत होतं आणि मी गाऊन राहिलो होतो, कारण माझा शेवट चांगला होत होता. प्रभूनं त्या मुलीला उठवल्यावर, तिला खायला द्या म्हणून घरच्यांना सांगितलं. उठवणं त्याचं, पुढचं करणं आपलं. ह्या लेकराला इलाज हाय. लातुरात हाय. त्या डॉक्टरीणबाईंचा हात बी देवाचाच हाय. मारोती, तिला घेऊन जा. आज माझं आख्यान इथंच थांबतंय. ह्याच्या पुढचं पद मला सुचलेलं न्हाई."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लोकांना कबरीपाशी उभं केलं होतं आणि स्वतःही तिथंच उभे होते. इतकं सुंदर कीर्तन मी कधी ऐकलं नाही.  खाली पहिल्या रांगेत मारोती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. रिबकानं त्याच्या दंडाला धरलं. तो उठतोय असं मला वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात पाहुणे उपदेशक उठले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणेन. त्यांनी माइक घेतला. "आपण इथं थांबायचं नाही, प्रियजनहो! ज्यानं डोळे उघडले तो कान उघडणार नाही? उद्या नाही, लातूरला नाही, इथं! आत्ता!" आणि मांडव एका श्वासानं उभा राहिला. जणू सगळे ह्याचीच वाट बघत होते. का बघणार नाहीत? शेवट असाच होतो हे त्यांना गावोगाव फिरून आम्हीच शिकवलं होतं.

उपदेशकांनी सुवार्ताच्या दोन्ही कानांवर तळवे ठेवले. लोक हात वर करून मोठ्यानं प्रार्थना करू लागले. मारोती उठला, पण दवाखान्याच्या वाटेला नाही. तो पळत वर आला आणि पोरीसमोर गुडघ्यांवर पडला. मास्तर "थांबा, थांबा" म्हणत होते, ते माइकशिवाय कुणाला ऐकू जाणार? मग उपदेशकांनी हात काढले, वाकून तिच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि विचारलं, "बेटा, ऐकू येतंय?"

तिनं त्यांच्या ओठांकडे बघितलं. मग बापाकडे बघितलं, तो रडत होता. ती गोड हसली. "हाव," म्हणाली.

पुढं काही विचारू नका. हालेलूया, शिट्ट्या, टाळ्या. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुणीतरी मास्तरांचंच पद उचललं, 'ऊठ गं बाळे', आणि हजार गळे त्याला लागले. झांजा सुरू झाल्या. सिद्धरामही बिचारा गोंधळून ठेका धरून बसला. मास्तरांच्या हातातून चिपळी सुटून पडली. त्यांचं गाणं त्यांच्याच डोक्यावरून चाललं होतं. उपदेशकांनी माझ्याकडे बघून हातानं खूण केली, वाजवा, वाजवा म्हणून.

माझ्या अंगाची लाही झाली. नाही वाजवणार, म्हटलं. मी पेटीचा भाता मिटला, खिट्टी लावली, झाकण ओढलं आणि हात मांडीवर घेऊन बसले.

सुवार्तानं पेटीकडे बघितलं. मग तिनं लोकांकडे तोंड केलं, दर वेळी करते तसे दोन्ही हात जोडले, मान वाकवली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून निघाली.

मला कळायला क्षण लागला. इतके दिवस आम्हाला वाटायचं, पोर बरोबर वेळेवर नमस्कार करते, वेळेवर उतरते, किती समजूतदार. ती माझी पेटी बघत होती. पेटी मिटली की तिचं कीर्तन संपलं. तिच्याभोवती हजार माणसं बेंबीच्या देठापासून तिच्याच नावानं गात होती, आणि ती मांडवाच्या कडेला चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधत होती.

आधी पुढच्या रांगेचं गाणं थांबलं, कारण त्यांना ती दिसत होती. मग त्यांच्या मागच्यांचं. मागे झांजा अजून चालू होत्या, त्याही एकेक करून गप्प झाल्या. उपदेशकांच्या हातात माइक तसाच राहिला होता. मारोतीनं तो घेतला.

"सुवार्ता," त्यानं हाक मारली.

कर्णे चारी बाजूंना बांधलेले होते. हाक शेतापलीकडच्या रस्त्यापर्यंत गेली. तिला एक चप्पल सापडली होती, ती पायात घालून ती दुसरी शोधत होती.

"सुवार्ता! ए बाळा! इकडं बघ!"

कुणी हललं नाही. तिला दुसरीही सापडली. ती खाली बसली आणि पाठमोरी होऊन पट्टा लावू लागली. रिबका रांगेतून निघून तिच्याकडे गेली. मारोतीनं आणखी एकदा तोंड उघडलं, पण ह्या वेळी आवाज आला नाही. त्यानं माइक खाली फळीवर ठेवला, पायऱ्या उतरला, लोकांमधून वाट काढत गेला आणि पोरीच्या समोर मातीत बसला, तिला त्याचं तोंड दिसेल असा.